त्याला राहू द्या!

बेसबॉलच्या बाद फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या सहाव्या डावात फेरीमेन संघाचा मॅनेजर व्हर्न डूली मैदानावर यायला निघाला आणि कॅझ डोम्ब्रोस्कीच्या काट्यावरचं सॉसेज ताटात पडलं.

"नको," कॅझ टीव्हीला म्हणाला. "डूली, तुझ्या पाया पडतो. परत फीर."

डूली फिरला नाही. टीव्हीतल्या माणसांनी आपलं ऐकल्याचा अनुभव कॅझला तोवर नव्हताच. पोट पुढे आणि मान खाली घालून डूली संथपणे मधल्या उंचवट्यापर्यंत चालत गेला. तिथे ह्यूगो पेन्सो उभा होता. ह्यूगो म्हणजे फेरीमेनचा सगळ्यात म्हातारा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा, अडतीस वर्षांचा. पाच डाव त्याने समोरच्या संघाला एक धाव काढू दिली नव्हती. डूलीने हात पुढे केला. या खेळात अशा वेळी काही बोलत नाहीत. ह्यूगोने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला, त्याच्याकडे न बघता, आणि खाली मान घालून चालायला लागला. एकदा बाहेर गेलेला पिचर त्या दिवशी परत येत नाही.

त्याच्या जागी एक नुकतं मिसरूड फुटलेला राखीव पिचर आला. त्याने चार धावा दिल्या आणि फेरीमेन हरले.

"संगणक!" कॅझ ओरडला. "संगणक सांगतो की तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की पिचर मार खातो. अरे, पण तो माणूस आहे! त्याच्याकडे बघ की जरा! घाम तरी आला होता का त्याला?"

"एक झाला," वांडा म्हणाली. वांडा म्हणजे त्याची बायको. ती सफरचंदं सोलत होती. "अजून दोन हरले की चाव्या."

हा चाव्यांचा करार ऑगस्टमधला. कॅझने आयुष्यभर एल्म हार्बरच्या शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवलं. गावातला पोलीस, पाद्री, दंतवैद्य, सगळे त्याच्याच हाताखाली रिव्हर्स घ्यायला शिकलेले. असा माणूस ऑगस्टमधल्या एका स्वच्छ सकाळी आपल्या फाटकातून गाडी काढताना शेजारच्या मर्ल हॅगर्टीचा मेलबॉक्स खांबासकट आडवा करून गेला. नेत्रतज्ज्ञाने काचबिंदू सांगितला. समोरचं नीट दिसतंय, पण बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, गाडी सोडा.

"गाडी समोरच जाते ना?" कॅझ म्हणाला होता. "मग?"

"आणि मेलबॉक्स?" वांडाने विचारलं.

"तो बाजूला होता."

वांडाने किल्ल्यांसाठी हात पुढे केला. कॅझने बरीच घासाघीस केली आणि शेवटी शब्द दिला की फेरीमेनचा मोसम संपला की त्याच दिवशी किल्ल्या देईन. वांडा लगेच तयार झाली, कारण फेरीमेन तेव्हा तळाला होते. त्यांचा मोसम नेहमी सप्टेंबरमध्ये, पानं लाल व्हायच्या आधीच आटपायचा. पण त्या वर्षी संघाला काय झालं कोण जाणे, त्यांनी जिंकायला सुरुवात केली आणि थांबेचनात. ऑक्टोबर आला, फेरीमेन बाद फेरीत पोचले, आणि कॅझ किराणा आणायच्या निमित्ताने दिवसातून दोनदा गाडी काढू लागला. उलट वांडा, जिला पिचर आणि पाण्याचा जग यांतला फरक सांगता आला नसता, ती आता समोरच्या संघाला बाद करणाऱ्यांची नावं घेऊन बोटं मोडायची. मग रविवारी चर्चमध्ये त्याबद्दल क्षमा मागायची.

तर पाच सामन्यांची मालिका, तीन जिंकायचे, आणि पहिला गेलेला. कॅझला एवढंच कळत होतं की ह्यूगोला मैदानावर राहू दिलं तर फेरीमेन जिंकतील, आणि फेरीमेन जिंकले तर किल्ल्या खिशात राहतील. या दोन गोष्टींत फरक करायची त्याला गरज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजमधून प्लायवूडची फळी काढली, तिचे दोन तुकडे केले, एकाला पांढरा रंग दिला आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं, "त्याला राहू द्या!"

मर्ल पानं गोळा करायचं दाताळं घेऊन कुंपणाशी आला. मर्लला सल्ला विचारावा लागत नाही. नळ उघडा ठेवला की पाणी येतं तसा तो येतो.

"नाव लिही की खाली," मर्ल म्हणाला. "कोणाला राहू द्या, ते."

"ऑक्टोबरमध्ये 'तो' म्हणजे कोण, हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मी रंग वाया घालवत नाही," कॅझ म्हणाला. "आणि खेळायच्या आधी पिचरचं नाव घेतलं की तो मार खातो. माझे वडील कधी घेत नसत."

"तुझे वडील असताना फेरीमेन एकदा तरी जिंकले का?"

"नाव घेणारी माणसं गावात फार होती."

पाटी अंगणात रस्त्याकडे तोंड करून रोवली गेली. कॅझ दोन पावलं मागे गेला, मग चार पावलं मागे गेला, आणि त्याला वाटलं की आयुष्यात प्रथमच आपण डूलीला समोरासमोर काही बोललो. डूली तिथून दीडशे मैलांवर होता, ती गोष्ट वेगळी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कारण एल्म हार्बरमध्ये ऑक्टोबर म्हटला की फक्त बेसबॉल नसतं, निवडणूकही असते. अंगणाअंगणांत उमेदवारांच्या पाट्या उगवतात. आणि त्या वर्षी सगळ्यात चुरशीची लढत होती ती जिल्ह्याच्या गटार आयुक्तपदाची. लोवेल स्ट्रिकर नावाचा गृहस्थ त्या पदावर इतकी वर्षं होता की पोरांना वाटायचं गटारं त्यानेच शोधून काढली. एप्रिलमधल्या पावसात मेपल गल्लीतली सगळी तळघरं तुंबली, तेव्हापासून त्याची खुर्ची डुगडुगत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर मर्टल ओक्स नावाच्या बाई उभ्या होत्या, हातात सायडरची बाटली आणि गरम डोनटांची पिशवी. कॅझने त्यांना ओळखलं, शाळेत त्याला 'डी सर' म्हणणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांना समांतर पार्किंग कधीच जमलं नव्हतं.

"डी सर," त्या म्हणाल्या, "तुमची पाटी बघितली आणि राहवलं नाही. तुमच्यासारखी चार माणसं उघड बोलली ना, तर तो राहील."

"राहायलाच पाहिजे," कॅझ डोनट घेत म्हणाला. "काय वाईट केलंय हो त्याने?"

"तेच म्हणते मी!"

"वय झालं म्हणतात."

"वय काय! अनुभव म्हणा."

"दाब आला की बाकीचे गळतात. हा गळत नाही."

मर्टलबाईंचे डोळे भरून आले. "गळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "सर, हे वाक्य मी पुढे वापरू का?"

"वापरा की."

"फक्त ते एप्रिलमधलं लोक विसरत नाहीत हो."

"एप्रिलमध्ये सगळ्यांचंच वाईट जातं," कॅझ म्हणाला. "थंडी असते. हात मोकळा व्हायला वेळ लागतो."

"पाऊसही किती होता!"

"पावसात तर पकडच बसत नाही. लोकांना काय, घरात बसून बोलायला."

बाई त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन, दाबून निघून गेल्या. बेसबॉल कळणारी बाई गावात इतके दिवस होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं कॅझला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी फेरीमेन दुसरा सामना जिंकले. त्यानंतरच्या सकाळी मेपल गल्लीतल्या प्रत्येक मेलबॉक्समध्ये, मर्लच्या नव्या मेलबॉक्समध्येसुद्धा, एक गुळगुळीत पत्रक आलं. वर लोवेल स्ट्रिकरचा फोटो. खाली ठळक अक्षरांत: "दाब आला तरी गळत नाही. कॅझ डोम्ब्रोस्की, निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक."

मर्ल पत्रक घेऊन कुंपणाशी आला. दाताळं आणलं नव्हतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"गळत नाही?" मर्ल म्हणाला. "कॅझ, एप्रिलमध्ये माझ्या तळघरात गुडघाभर पाणी होतं. तू स्वतः बादली घेऊन उभा होतास. माझा टीव्ही तरंगला. सोफा तरंगला. माझ्या सासूचा फोटो तरंगत जिन्यापर्यंत आला आणि मी दचकलो. आणि तू म्हणतोस, गळत नाही?"

"मी ह्यूगोबद्दल बोलत होतो!"

"ह्यूगोचा गटाराशी काय संबंध?"

"तेच तर!"

"तो मेलबॉक्स पाडलास, मी एका शब्दाने बोललो नाही," मर्ल म्हणाला. "पण तळघर मनाला लागलं हां, कॅझ."

दुपारपर्यंत मर्लच्या अंगणात पाटी लागली होती: "त्याला काढा!" संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तुंबलेल्या तळघरांच्या सगळ्या मालकांनी तशाच पाट्या लावल्या. त्यातलं कोण गटारांबद्दल बोलतंय आणि कोण ह्यूगोबद्दल, हे आता कळायला मार्ग नव्हता. कोपऱ्यावरच्या बॅक्स्टरने आपण दोघांनाही काढा म्हणतो असं सांगून टाकलं.

कॅझने ठरवलं की गैरसमज दूर करायचा. त्याने शिडी न घेता (शिडी वांडाने डोळ्यांचं कळलं त्याच दिवशी बहिणीकडे पाठवली होती) पाटीच्या कोपऱ्यात लाल रंगाने एक मोठा बेसबॉल काढला. गोल, आणि आत शिवणीच्या वळलेल्या रेघा. चित्रकलेत कॅझ कधी उत्तीर्ण झाला नव्हता. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने त्या गोलाला गटाराचं झाकण म्हणूनच ओळखलं. लोवेल स्ट्रिकर जाताना गाडी हळू करून, हॉर्न देऊन, अंगठा दाखवून गेला.

मग टाउनशिप कार्यालयातून बोलावणं आलं. पाट्यांचा नियम पाळला जातोय का ते बघणारी अधिकारी ट्रिश बोनेली ही कॅझचीच विद्यार्थिनी. कॅझ तिच्याकडे गाडी घेऊनच गेला, कारण फेरीमेन हरले तर गाडी घेऊन हे शेवटचंच जाणं ठरेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. कार्यालयासमोर शरद महोत्सवाचे भोपळे रचून ठेवले होते, पायरीपायरीने, वर एक बुजगावणं. कॅझने आरसा बघितला, खांद्यावरून बघितलं, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं आणि गाडी मागे घेतली. उजवीकडे काहीतरी मऊ फुटल्यासारखा आवाज झाला. तो उतरला तेव्हा बुजगावणं त्याच्या डिकीवर पालथं पडलं होतं.

कार्यालयाच्या खिडकीतली सगळी माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं कॅझला वाटलं.

"डी सर, बसा," ट्रिश म्हणाली. भोपळ्यांचा विषय तिने काढला नाही. "तुमच्या पाटीचं असं आहे. राजकीय पाटी असेल तर परवान्याची गरज नाही. निवडणुकीनंतर काढली की झालं."

"ती राजकीय नाही. बेसबॉलची आहे."

"मग ती 'इतर पाटी' होते. तिला परवाना लागतो. त्याला तीन आठवडे लागतात."

"तीन आठवड्यांत मालिका संपून ह्यूगो घरी मासे पकडत बसेल!"

"किंवा ती ऋतूची सजावट म्हणता येईल. भोपळे, भुतं वगैरे. त्याला काहीच लागत नाही. फक्त त्यावर अक्षरं नकोत."

"अक्षरं नसलेली पाटी लावू?"

"बघा ना सर," ट्रिश आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही तिला राजकीयच राहू द्या. कशाला उगाच?" मग ती जरा थांबली. "आणि सर, परत जाताना... मी सोडू का तुम्हाला? माझं त्याच बाजूला काम आहे."

तिचं त्या बाजूला काही काम नव्हतं. गाडी चालवायची परीक्षा ती कॅझकडे तीनदा नापास झाली होती. कॅझ "नको" म्हणाला आणि डिकीवरच्या भोपळ्याच्या बिया न पुसता स्वतः गाडी चालवत घरी आला. वाटभर त्याला कान गरम झाल्यासारखे वाटत होते.

घरी आला तर अंगणात दुसरी पाटी. प्लायवूडचा उरलेला अर्धा तुकडा, तोच पांढरा रंग, तीच निळी अक्षरं, पण वळण कितीतरी चांगलं: "त्याला काढा!"

वांडा ब्रश धुवत होती.

"तूसुद्धा?" कॅझ म्हणाला. "तुला गटारातलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग ह्यूगोचं काय कळतं?"

"त्याहून कमी," वांडा म्हणाली आणि डिकीकडे बघितलं. "बुजगावण्याची टोपी अडकलीये मागे. काढून ठेव. कोणाची तरी असेल."

एकाच अंगणात नवरा-बायकोच्या उलटसुलट पाट्या ही बातमी व्हायला वेळ लागला नाही. मधल्या काळात फेरीमेन तिसरा सामना हरले आणि चौथा जिंकले. दोन-दोन अशी बरोबरी झाली. आता एकच सामना उरला होता, आणि त्यात ह्यूगो फेकणार होता. त्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वाहिनीची एक उत्साही मुलगी माइक घेऊन अंगणात आली. तिला कोणीही गाडी शिकवली असली तरी कॅझने शिकवली नव्हती, एवढं तिने व्हॅन हिरवळीवर घातली त्यावरून दिसलं.

कॅझने तिला सगळं नीट समजावून सांगितलं. हा ह्यूगो. हा डूली. हा संगणक. माणसाला थकायच्या आधी काढणं हा अपमान आहे, वगैरे. बोलताना त्याचा आवाज भरून आला, आणि तो ह्यूगोसाठीच भरून आला होता असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

"आणि मॅडम, तुमचा विरोध लोवेल स्ट्रिकरना आहे की ह्यूगो पेन्सोला?" मुलीने वांडाला विचारलं.

"कोणालाच नाही," वांडा म्हणाली. "मी ह्याच्याबद्दल बोलतेय."

"म्हणजे?"

"माझ्या नवऱ्याबद्दल. गाडीतून काढा म्हणतेय मी."

हे संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं. कॅझचा ह्यूगोवरचा भाग अर्ध्या वाक्यावर कापला होता. वांडाचा भाग पूर्ण होता. पाठोपाठ मर्लच्या मेलबॉक्सचंही चित्र होतं, आणि ते मर्लने पुरवलं होतं हे उघड होतं.

त्यानंतर फोन जो सुरू झाला तो थांबेना. सगळे जुने विद्यार्थी. "सर, कुठे जायचं असलं की सांगा हं." "सर, मी रोज तुमच्याच रस्त्याने जातो." "सर, दर मंगळवारी मी मोकळाच असतो." कॅझ प्रत्येकाला "बरं" म्हणाला. रागवायला सुद्धा जीव लागतो, आणि तो त्याच्याकडे उरला नव्हता. माणसाला शिव्या घातल्या तर तो उलट शिव्या घालतो, पण सगळं गाव गोड बोलायला लागलं तर माणसाने करायचं काय?

एवढ्यात ती बातमी मोठ्या वाहिनीने उचलली. सामन्याआधीच्या मुलाखतीत कोणीतरी डूलीला फोटो दाखवला. एल्म हार्बरमधल्या एका अंगणात एक म्हणतो राहू द्या, एक म्हणते काढा. तुमचं काय मत?

डूलीने कान खाजवला. "माझ्या आईनेही सकाळी फोन करून हेच सांगितलं," तो म्हणाला. "राहू दे म्हणाली. बघू आता."

कॅझ खुर्चीतून उठून उभा राहिला. "त्याने वाचली," तो म्हणाला. "वांडा, डूलीने माझी पाटी वाचली!"

"माझीही वाचली," वांडा म्हणाली.

पाचवा सामना शुक्रवारी दुपारी होता. सामना सुरू व्हायच्या जरा आधी मर्ल घडीची खुर्ची घेऊन आला. त्याचा टीव्ही एप्रिलपासून बंदच होता. त्याने कॅझकडे बघितलं नाही, कॅझने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि वांडाने दोघांच्या मध्ये बशीभर पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, ठेवल्या. पहिल्या डावात ह्यूगोने तिघांना ओळीने बाद केलं तेव्हा दोघांचे हात एकदमच बशीत गेले. तिथून पुढे तळघराचा विषय निघाला नाही.

ह्यूगोने काय फेकलं त्या दिवशी! सहा डाव, आणि समोरचे फलंदाज नुसते हवेत बॅट फिरवून परत जात होते. फेरीमेन दोन धावांनी पुढे. सहाव्या डावानंतर कॅझने डूली उठतोय का ते डोळे बारीक करून बघितलं. डूली उठला नाही. संगणकवाला पोरगा त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होता आणि डूली मान हलवत होता, नाही, नाही. मर्लने कॅझच्या पाठीवर थाप मारली. कॅझने बशी त्याच्याकडे सरकवली.

मग सातवा डाव आला. पहिले दोघे बाद झाले. आणि तिसऱ्याला चेंडू फेकताना कॅझने ते पाहिलं.

कॅझने उमेदीची सगळी वर्षं शेजारच्या सीटवर बसून काढली होती. रस्त्याकडे बघता बघता चालवणाऱ्याचे हात बघायचे, हे त्याचं काम. हात थकला की तो आधी कुठे थकतो, हे त्याला माणसाच्या आधी कळायचं. आता ह्यूगोचं कोपर खाली येत होतं, बोटभर, जास्त नाही. प्रत्येक चेंडूनंतर तो हात मांडीवर पुसत होता, आणि हात कोरडा होता. चार चेंडू वाईट पडले आणि एक फलंदाज न मारताच, फुकट पुढे गेला. दुसरा गेला. तिसऱ्याने हलकासा फटका मारला आणि तीनही बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचे तीन थांबे, भरले.

डूली निघाला. पोट पुढे, मान खाली. सगळं मैदान ओरडत होतं, राहू दे, राहू दे. कोणीतरी कॅझच्या पाटीची नक्कल करून कापडावर रंगवून आणली होती. डूलीने ह्यूगोला काहीतरी विचारलं. ह्यूगोने मान डोलावली. बरा आहे म्हणाला असणार. तेच म्हणतात सगळे. कॅझने आयुष्यात एकही असा विद्यार्थी पाहिला नव्हता जो थकलास का विचारल्यावर हो म्हणाला.

"काढ त्याला," कॅझ म्हणाला.

ते इतकं हळू होतं की मर्लला ऐकू गेलं नाही. वांडाने सफरचंद सोलायचं थांबवलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही."

डूलीने हात पुढे केला नाही. ह्यूगोच्या खांद्यावर थोपटलं आणि तो एकटाच परत गेला. मैदान वेड्यासारखं आनंदलं. मर्ल खुर्चीतून उठून नाचला. पुढचाच चेंडू फलंदाजाने दूर कुंपणावर नेऊन आपटला आणि थांब्यांवरचे तिघेही धावत घरी, म्हणजे जिथे धाव पुरी होते तिथे, आले. तीन-दोन.

मग डूली परत आला. आता हात पुढे केला. ह्यूगोने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला, त्याच्याकडे न बघता. राहिलेल्या डावांत फेरीमेनना एकही धाव काढता आली नाही, आणि मोसम संपला.

मर्लने घडीची खुर्ची मिटली. दाराशी जाऊन तो थांबला.

"तुझं ऐकलं रे त्याने," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

थोड्या वेळाने मर्टलबाई येऊन, दारातच उभ्या राहून, फार अवघडून म्हणाल्या की सर, गैरसमज नको, पण तुमची पाटी आता जरा अपशकुनी वाटते असं लोवेलचं म्हणणं आहे, तर तेवढी काढाल का?

कॅझ पाटी काढायला अंगणात गेला. आधी स्वतःची उपटली. मग वांडाच्या पाटीसमोर उभा राहिला. तिला हात लावला नाही. गल्लीत लोक पानं गोळा करत होते आणि त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

दार वाजलं. वांडा पायऱ्या उतरून हिरवळीवरून चालत येत होती. अंगात कोट, हातात पर्स, कारण शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण असतं आणि हरलं काय, जिंकलं काय, जेवायला जायचंच असतं. ती घाईत नव्हती. मान खाली घालून संथ येत होती, आणि कॅझला तिची ती चाल ओळखीची वाटली. ती त्याच्यासमोर थांबली. काही बोलली नाही. तिने हात पुढे केला.

कॅझला पुष्कळ बोलायचं होतं. हे वर्ष मोजू नये, हे बोलायचं होतं. डूलीने सहाव्यातच काढायला हवा होता, हेही बोलायचं होतं, आणि ते कोणाबद्दल म्हणतोय हे तिला बरोबर कळलं असतं. त्याने खिशात हात घातला, किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या, तिच्याकडे न बघता, आणि गाडीकडे चालायला लागला.

पलीकडून टाळ्यांचा आवाज आला. मर्ल दाताळं काखेत धरून टाळ्या वाजवत होता. पिचर बाहेर जाताना लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, तशा, सावकाश. मग कोपऱ्यावरचा बॅक्स्टर वाजवायला लागला. कॅझला वाटलं, ज्याचा मेलबॉक्स वाचला त्याने टाळ्या वाजवणं साहजिकच आहे. पण त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला आणि त्याने टोपीची कड दोन बोटांनी उचलली. तशी रीत आहे.

तो शेजारच्या सीटवर बसला. ही जागा त्याला परकी नव्हती. आयुष्यातले सगळ्यात जास्त मैल त्याने इथूनच केले होते. वांडालाही त्यानेच शिकवलं होतं, लग्नाच्या आधी, अशाच एका ऑक्टोबरात. त्याच्या मते तिला गाडी अजून येत नव्हती.

"आरसा," तो म्हणाला.

"बघितला."

"खांद्यावरून."

"कॅझ."

"बरं."

वांडाने गाडी मागे घेतली. मर्लचा नवा मेलबॉक्स उजवीकडून येत होता, जवळ, अजून जवळ. कॅझला तो दिसला नाही. तो तिच्या हातांकडे बघत होता. हात थकलेले नव्हते. त्याचा उजवा पाय मात्र सवयीने पुढे गेला आणि शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूला असायचा तो दुसरा ब्रेक शोधू लागला. तिथे नुसती चटई होती. गाडी अलगद रस्त्यावर आली, तरी चर्चपर्यंत तो चटई दाबतच राहिला.